आमचे आठ, सरांचे सात

सर बुधवारी आले. सगळा घोटाळा खरं म्हणजे मला त्या बुधवारीच कळायला हवा होता, पण मी हसण्यात गुंग होते.

मी जिंतूरला होते आणि फोन वाजला. "ताई, मी शाळेच्या ओसरीत उभा आहे. येथे कोणीही उपस्थित नाही. एक कुत्रा आहे." सर म्हणजे आमच्या सर्व्हेचे अभ्यासक, ओडिशाकडचे, मराठी पुस्तकातून शिकलेले. त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य इस्त्री करून आल्यासारखं असतं. मी म्हटलं, "सर, आज कसे काय गेलात? बैठकीला बोलावलेल्या बायका काल दोन तास वाट बघून घरी गेल्या की." तर म्हणाले, "मी मंगळवारी त्यांना सांगितले होते, आठ दिवसांनी येतो. आपणच मला तसे सांगायला लावले. आज आठ दिवस झाले. मी मोजले आहेत."

मला हसू आवरेना. त्यांना म्हटलं, "सर, मंगळवारी सांगितलेले आठ दिवस मंगळवारीच संपतात. आमचे आठ म्हणजे तुमचे सात." मग म्हणाले, "आणि पंधरा दिवस?" म्हटलं, "चौदा." "मग महिना?" "महिना तीसचाच, सर. तिथं आम्ही शुद्धीवर येतो." त्यांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मी दिवसभर जो भेटेल त्याला ही गोष्ट सांगत सुटले. नवऱ्याला तर दोनदा सांगितली.

माझं काम विचारायचं. दुसरं काही येत नाही मला. गेली पंधरा वर्षं परभणी जिल्ह्यातल्या गावागावांत फिरून मी लोकांना विचारते, घरात किती माणसं, काय खाता, कुठं कामाला जाता, आजारी पडलात तर कुठला दवाखाना. कुणी मोठे अभ्यासक दूर बसून प्रश्न काढतात, गरिबी कशानं कमी होते, कुठली योजना चालते, कुठली नुसती कागदावर राहते. ते प्रश्न दारापर्यंत न्यायचे आणि उत्तरं परत आणायची, मधला सगळा जिम्मा माझा. माहेर सेलू तालुक्यातलं, सासर जिंतूरचं, त्यामुळे कुठल्या गावात कोणत्या भाषेत बोललं की माणूस मोकळा होतो, हे मला माहीत आहे असा माझा दावा असतो. दावा जरा जास्तच असतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

हा अभ्यास शेळ्यांचा होता. म्हणजे लोकांनी त्याचं नाव शेळ्यांचा सर्व्हे ठेवलं. दिवाळीच्या आसपास आमच्याकडची कितीतरी घरं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. सरांच्या संस्थेला हे बघायचं होतं, की अशा घराला दोन गाभण शेळ्या दिल्या आणि सहा महिने लागणारं तेल-डाळ घरपोच दिलं, तर ते घर गावात राहतं का. सर म्हणायचे, "लोक गाव सोडतात की त्यांना सोडावे लागते, हे मला मोजायचे आहे." सरकारी खातंही त्यात होतं. शेळ्या मोजक्याच, म्हणून नियम असा ठरला, ज्या गावांत घरटी खाणं कमी, ती गावं आधी. आणि खाणं कमी की जास्त, हे माझ्या फॉर्मवरून कळणार होतं.

तो फॉर्म शहरातून मराठी होऊन आला तेव्हा मी डोक्याला हात लावला. "विगत सात दिवसांमध्ये आपल्या कुटुंबाने सेवन केलेल्या खाद्यपदार्थांचा तपशील." आमच्या गावात सेवन करणारा माणूस म्हणजे संध्याकाळी पारावर आडवा झालेला. असला प्रश्न घेऊन मी दारात उभी राहिले असते, तर बाईनं आधी सासऱ्याला हाक मारली असती. मी तो खोडला आणि लिहिलं, "मागच्या आठ दिवसांत घरात काय काय लागलं?" सात दिवस असं कोण म्हणतं हो आमच्यात? सात दिवस फक्त हरिनाम सप्ताह असतो. बाकी सगळं आठ दिवसांचंच.

आता नियम असा, की माझं मराठी पुन्हा इंग्रजीत करून कुणीतरी तिसऱ्यानं तपासायचं. ते तपासणारा पुण्याचा. त्यानं माझ्या आठ दिवसांचा सरळ एक आठवडा केला आणि फॉर्म पास झाला. त्याचं काही चुकलं नाही. माझंही चुकलं नाही. आम्हा दोघांनाही मराठी चांगलं येत होतं, तेच नडलं.

त्यात माझं दुसरं शहाणपण. माणसं घरी सापडायची कधी, हा आमच्या धंद्यातला रोजचा वैताग. सकाळी जावं तर सगळे रानात, संध्याकाळी जावं तर बायका भाकरी थापत असतात. मी काढलेली युक्ती अशी, की ज्या गावचा बाजार असेल त्याच दिवशी तिथं जायचं. बाजारादिवशी मजूर माणूस कामाला सुट्टी घेतो, दुपारपर्यंत बाजार करून घरी येतो आणि निवांत असतो. बाकीच्या तालुक्यांतले सर्व्हेवाले दिवसाला पाच घरं करत, तेव्हा माझ्या हाताखालच्या दोघी पोरी आठ-आठ करत होत्या. मला फार कौतुक वाटत होतं स्वतःचं.

वालूरच्या पुढचं ते गाव, नाव राहू द्या. बाजार मंगळवारचा. गावाच्या कडेला शेळ्या-मेंढ्या राखणारी, मजुरीला जाणारी बारा-पंधरा घरं आहेत, त्यातल्या एका घरात मी स्वतः बसले. घरची बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल. मी तिला पहिल्या मिनिटाला आक्का म्हटलं आणि तेच राहिलं. बाजारातून नुकतीच आलेली. पिशव्या भिंतीला टेकवलेल्या, एकीतून कोथिंबीर बाहेर आलेली, आणि दारातली एकुलती एक शेळी त्या कोथिंबिरीवर डोळा ठेवून उभी.

"बसा ताई, च्या टाकते," आक्का म्हणाली. म्हटलं, "चहा राहू द्या, आधी लिहून घेते." "लिव्हा की. च्या पेऊन बी लिव्हता येतं." मग तिनं चहा टाकला आणि चुलीपुढून सांगायला लागली. एक किलो तेल, किलोभर डाळ, साखर, पत्ती, मिरच्या, वांगी, शेंगदाणे. मी टॅबवर भरत गेले. मग ती म्हणाली, "मागच्या बाजारी बी एवढंच आनलं होतं. त्ये बी लिव्हा." मी विचारलं, "आठ दिवसांतलंच ना?" ती म्हणाली, "आठच की. मागच्या मंगळवारी आनलं, आज मंगळवार. बरोबर आठ." मी बोटांवर मोजलं. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, रवी, सोम, मंगळ. आठ. लिहिलं.

कोपऱ्यात तिची मुलगी भूमितीची आकृती काढत बसली होती. दहावीचं वर्ष. आक्का आवाज खाली करून म्हणाली, "ताई, त्ये शेळ्यांचं खरं हाय का?" आम्हाला काही कबूल करायची परवानगी नसते. मी म्हटलं, "आक्का, अजून ठरलेलं नाही. आम्ही नुसतं विचारायला आलोय." ती म्हणाली, "आमचा दोघांचा मिळून एक कोयता हाय." कोयता म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, मुकादम तशीच मोजतो. "मागल्या साली पोरीला संगं न्यावं लागलं. नववीचे चार म्हयने तिनं फडात भावाला सांबाळलं. आवंदा दहावी हाय. हितं एकटी ठिवायची तर कुनाजवळ ठिवायची? मी मुकादमाला सांगितलंय, आठ दिवसांनी सांगते म्हून."

मुलीनं मान वर केली नाही, पण तिची पेन्सिल थांबली होती. मी टॅबमध्ये डोकं घातलं. निघताना आक्कानं मूठभर शेंगदाणे माझ्या पर्समध्ये टाकले. नको म्हणायची सोय नव्हती.

त्याच्यानंतर तो बुधवार झाला. आणि त्याच्यानंतर चार-पाच दिवसांनी सरांचा पुन्हा फोन. ह्या वेळी कुत्रा वगैरे काही नाही. म्हणाले, "ताई, वालूरच्या पुढच्या त्या गावाविषयी बोलायचे आहे. तिथली माणसे फार तेल खातात. यादीत ते गाव सर्वांत वर आहे, म्हणजे आपल्या दृष्टीने सर्वांत खाली. त्याला शेळ्या मिळणार नाहीत. तिथे लग्नसराई होती का?"

"श्रावणात कुणाची लग्नसराई, सर," मी म्हटलं. फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिला राग माझ्या पोरींवर काढला. दोघी हुशार आहेत, सेलूच्या कॉलेजात शिकलेल्या, पण मी त्यांना फोनवर असं झापलं, की तुम्ही घरी बसून आकडे भरले का, टॅब मांडीवर घेऊन झोपा काढल्या का. त्यातली एक बिचारी रडली. दुसरी रडणारी नाही. ती म्हणाली, "मॅडम, त्या गावातली अर्धी घरं तुमीच केलीत. तुमच्या घरांचं तेल तर आमच्यापेक्षा जास्त हाय."

डोळ्यापुढं आक्काच्या दोन पिशव्या आल्या, ती थांबलेली पेन्सिल आली. आक्काच्या घरात तेल पळीनं मोजून पडतं, हे तिच्या कढईकडे बघूनच कळत होतं. तरी माझ्याच हातानं मी तिला परभणीतल्या एखाद्या दुकानदाराएवढं खायला लावलं होतं. कसं, ते मात्र कळेना.

सर दुसऱ्या दिवशी देवगाव फाट्यावर भेटले. फाट्यावर एक चहाचं हॉटेल आहे, तिथं आमच्या अर्ध्या मीटिंगा होतात. त्यांनी लॅपटॉप भज्यांच्या बशीशेजारी उघडला. जी गावं फार खातात अशी चार निघाली होती, आणि चारही माझी. बाकीच्या तालुक्यांत एकही नाही. मी एकेक तारीख वाचायला लागले. हे मंगळवारी केलं, ह्याचा बाजार मंगळवारचा. हे गुरुवारी, ह्याचा बाजार गुरुवारचा. चारही गावं बाजारादिवशी केलेली. म्हटलं, मग त्यात काय झालं, माणसं घरी होती म्हणून तर.

सरांनी तारखांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी ती वही काढली, बुधवारची. अगदी हळू विचारलं, "ताई, आपले आठ म्हणजे माझे सात. हे नेहमीच असते का?"

मी भजं तोंडाकडे नेत होते, ते बशीत ठेवलं आणि बोटांवर मोजलं. मंगळवारपासून मंगळवारपर्यंत. पहिल्या बोटावर एक बाजार आणि आठव्या बोटावर दुसरा. आठ दिवसांत दोन बाजार बसतात, सातात एकच. इतर दिवशी गेलं असतं तर आठ म्हणा की सात म्हणा, मध्ये एकच बाजार आला असता. पण मी शहाणी, नेमकी बाजारादिवशीच दारात उभी. आठ दिवसही माझेच आणि बाजाराचा दिवसही माझाच. दोन्ही शहाणपणं वेगवेगळी असती तर काही बिघडत नव्हतं, एकत्र आली आणि चार गावांनी एका आठवड्यात दोन आठवड्यांचं खाल्लं.

"सर, चूक माझी आहे," मी म्हटलं. हे तीन-चार शब्द म्हणायला मला फार जड गेलं, कारण सरांच्या मराठीला मी आठवडाभर गावभर हसले होते. वाटलं, आता काम गेलं. पण माणूस असा खूष झाला की विचारू नका. "ही अत्यंत उत्तम चूक आहे," म्हणाले, "ही कोणत्याही पुस्तकात नाही." आणि अजून दोन चहा सांगितले. अभ्यासकांचं हे मला अजून कळलेलं नाही. आपला जीव जायची वेळ येते आणि ह्यांना आनंद होतो. मी जरा चिडूनच म्हटलं, "उत्तम असू द्या, पण मुकादम थांबलाय तिकडं." तेव्हा ते गंभीर झाले. चारही गावं पुन्हा विचारायची असं ठरलं. यादी द्यायला पंधरा दिवस होते. कुठले पंधरा, ते त्यांनी मला दोनदा विचारून घेतलं.

मी पोरींची माफी मागितली. रडलेली लगेच विसरली. न रडलेली म्हणाली, "मॅडम, माफी तोंडी नको, भेळ पायजे." सेलूला भेळ खाऊ घातली तेव्हा कुठं प्रकरण मिटलं.

आक्काच्या गावात पुन्हा गेलो ते शुक्रवारी. मला वाटलं होतं, आता काय, सात दिवस विचारायचे की झालं. पण गाव ते गाव. पहिल्याच घरी म्हातारबाबा म्हणाले, "आमी कायबी खात न्हाई." हे म्हणताना तोंडात भाकरी होती. गावात बातमी फिरली होती, की जास्त सांगितलं म्हणून शेळ्या गेल्या. पुढच्या घरची सून म्हणाली, तेल आम्ही बघितलंच नाही, आणि आत भजी तळल्याचा वास. न रडलेल्या पोरीनं बाहेर येऊन मला सांगितलं, "मॅडम, आता हे गाव उपाशी मरायलंय बगा."

आणि आक्का. ती तर तिसऱ्याच टोकाला. सात दिवसांचं सांगा म्हटलं तर म्हणाली, "त्या दिवशी सांगितलं तेच लिव्हा. दोन किलो तेल."

"आक्का, तसं नाही. ते दोन बाजारांचं झालं. तुम्ही एका आठवड्याचं सांगा."

"ताई, मी बोलून बदलनारी बाई न्हाई. त्या दिवशी खोटं बोलले का मी? दोन बाजार आनले तर दोन सांगितले. आता शेळ्या मिळाव्या म्हून कमी सांगू? उद्या लोक म्हनतील, शेळीपायी आपलं खानं लपवलं हिनं."

मी डोकं धरून बसले. बाकीच्यांना खोटं बोलल्याशिवाय करमेना आणि हिला खरं बोलायचा एवढा कैफ, की स्वतःचंच नुकसान करायला निघालेली. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला आणि तितकंच प्रेम आलं. मुलगी ह्या वेळी वही बंद करून आमच्याकडंच बघत होती. ती आईला म्हणाली, "माय, अगं सांग की नीट." आई म्हणाली, "तू तुजं लिव्ह."

मी टॅब बाजूला ठेवला. म्हटलं, राहू द्या ते आठ आणि सात. सहज बोलल्यासारखं विचारलं, "आक्का, तुमचा एक बाजार किती दिवस जातो हो?"

"एक बाजार? दुसऱ्या बाजारापत्तुर जातो. जायलाच पायजे. तेल मंगळवारी आनायचं, सोमवारी डब्याला पुसून भाकरी खायची."

"म्हणजे मंगळवारी डबा रिकामा होतो?"

"सोमवारी रातीच व्हतो." तिनं उठून डबा आणला आणि माझ्यापुढं धरला. शुक्रवारचा डबा, अर्ध्याच्या खाली. "ह्ये बगा. ह्याच्यात एक किलो बसतंय, जास्त बसतच न्हाई. दोन किलो आनलं तर ठिवू कुटं?"

"मग एका बाजाराचं एक किलो लिहू?"

"लिव्हा की. त्येच खरं हाय. असं विचारायचं की आदी."

पंधरा वर्षं विचारायचं काम करते मी. तरी मला त्या दिवशी कळलं, की आमच्याकडं खाणं दिवसांत मोजतच नाहीत, बाजारात मोजतात. सरांचं सातही चुकीचं आणि माझं आठही. मी ओट्यावर बसून फॉर्मवरचा प्रश्न खोडला आणि तिसऱ्यांदा लिहिला, "तुमचा एक बाजार किती दिवस जातो, आणि एका बाजारात काय काय आणता?" पोरींना ओरडून सांगितलं, आता हे विचारा. काय सांगू, म्हातारबाबासुद्धा सुतासारखे सरळ झाले. बाजाराबद्दल कोण खोटं बोलणार, बाजारात सगळ्या गावानं त्यांची पिशवी बघितलेली असते.

चारही गावं पंधरा दिवसांच्या आत झाली. सरांनी नवा प्रश्न बाकीच्या तालुक्यांनाही लावायचा ठरवलं आणि फोन करून म्हणाले, "ताई, हे मराठी मी आता पुण्याला तपासायला पाठवणार नाही." मला बरं वाटलं, नाही असं नाही.

तरी आक्काच्या गावाचं काय होतं ते माझ्या हातात नव्हतं. मी तिच्या घरावरून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तिनं विचारलं, यादी कधी. मी म्हणायचे, आठ दिवसांनी. तिकडं ती मुकादमाला तेच म्हणत होती. तो बाजारात भेटला की विचारायचा, काय आक्का, येताव का? आणि आक्का म्हणायची, आठ दिवसांनी सांगते. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तो वैतागला, म्हणाला, तुजे आठ दिवस सरतेत कवा? पुढल्या मंगळवारी सांगितलं नाही तर दुसरा कोयता धरीन. हे तिनंच मला सांगितलं, हसत, पण हसताना हात पदरात गुंडाळलेला.

यादी आली ती सोमवारी. चारातली तीन गावं त्यात होती. आक्काचं होतं. मी ते नाव तीन वेळा वाचलं. मग दुसरंही वाचलं. चारठाण्याकडचं एक मोठं गाव, आमच्या तिन्हींएवढ्या घरांचं, पहिल्या कच्च्या यादीत होतं, ते आता नव्हतं. शेळ्या तेवढ्याच, आमची गावं आत आली तेव्हा कुणीतरी बाहेर जाणारच होतं. त्या गावातही कुणी मुकादमाला आठ दिवसांनी सांगते म्हणालं असेल. मी सरांना विचारलं, त्यांचं काय, तर ते म्हणाले, "ताई, यादी आता खरी आहे. पुरेशी नाही." त्यांनी खात्याला त्या गावासाठी वेगळं पत्र लिहिलं. त्याचं पुढं काय झालं ते मला अजून विचारायचं आहे, आणि मी विचारणार आहे.

आक्काला मी सोमवारीच सांगितलं आणि मंगळवारी मुद्दाम बाजारात गेले. मुकादम पारावर बसलेला. आक्का पिशवी घेऊन त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, "दादा, आवंदा न्हाई जमत." एवढंच. मग ती वांगी घ्यायला गेली आणि वांगीवालीशी भावावरून चांगली भांडली.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा तीच घरं विचारायला गेलो, काय फरक पडला ते बघायला. आक्काच्या दारात आता तीन शेळ्या होत्या, नव्या दोघींपैकी एक व्यालेली, आणि दोन करडं माझ्या ओढणीला लोंबकळत होती. आक्कानं विचारलंच नाही, सरळ चहा टाकला. मी फॉर्म भरत गेले. माणसं किती, चार. बाजार किती दिवस जातो, दुसऱ्या बाजारापत्तुर, आणि आता डब्यात थोडं उरतंय बी. मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी हा सगळा अभ्यास होता. "दिवाळीपासून घरातलं कोण कामासाठी बाहेरगावी राहायला गेलं?"

"कोन बी न्हाई," आक्का म्हणाली.

मी टॅबवर शून्य दाबलं. ती वाकून बघायला आली. "ह्ये शून्य हाय नं?"

"हो, शून्य."

"मोटं दिसंना. मोटं करता येत न्हाई का?" मी म्हटलं, टॅबमध्ये सगळे आकडे सारखेच येतात. ती म्हणाली, "असू द्या. लय सालांनी चांगलं शून्य आलंय आमच्या घरात." माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी मोठ्यानं हसायला लागले. तीही हसायला लागली, करडं घाबरून पळाली, आणि चहा उतू गेला.

तेवढ्यात आतून मुलगी वैतागून बाहेर आली, हातात विज्ञानाचं पुस्तक. "माय, हळू बोल की. मी वाचायलेय. परीक्षा आठ दिवसांवर आलीय."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आठ म्हणजे किती गं?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी वर्गात मागच्या बाकावर बसते. "सात, मावशी," ती म्हणाली. "एवढं बी येत न्हाई व्हय तुमाला?" आणि पुस्तक घेऊन पुन्हा आत वाचायला गेली.